मास्तरांनी बेतलेलं खुराडं

आमच्या मागच्या भिंतीपलीकडे टेलरमास्तर राहतात. भिंत कमरेइतकीच उंच आणि माझ्या ओट्यापुढची खिडकी नेमकी त्यांच्या परसाकडे उघडते. त्यामुळे भांडी घासता घासता मला त्यांचा अर्धा संसार दिसतो आणि उरलेला अर्धा ऐकू येतो. मी काही मुद्दाम कान देत नाही. काकूंचा, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा, आवाजच तसा आहे.

मास्तरांनी चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. कोपऱ्यावर एका दाराचं दुकान, आत एक मशीन, एक कटिंगचं टेबल आणि भिंतीला टेकून उभी राहिलेली, खांदे पाडून बसलेली, नाक पुसणारी पोरं. "श्वास रोखू नकोस, खोटं माप येतं," हे वाक्य आमच्या भागातल्या दोन पिढ्यांनी ऐकलेलं आहे. मग मान आणि डोळे दोन्ही एकदमच कुरकुरायला लागले, तेव्हा मास्तरांनी दुकान बंद केलं, कात्रीला तेल लावून ती फडक्यात गुंडाळली आणि घरी येऊन बसले. बसले म्हणजे बसले नाहीत, तीच तर पंचाईत झाली.

पहिल्या आठवड्यात त्यांनी काकूंचे डबे उंचीप्रमाणे लावले. काकूंना आठ दिवस मीठ सापडेना. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी घरातल्या सगळ्या हातपुसण्यांच्या कडा दुमडून टिपा मारल्या. तिसऱ्या आठवड्यात ते खुर्ची घेऊन ओट्याशीच येऊन बसले आणि काकू कांदा चिरत होत्या तिकडे बघत म्हणाले, "जरा तिरका धर, एकसारखा येईल."

काकूंनी सुरी खाली ठेवली. "अहो, चाळीस वर्षांत मी कधी तुमच्या दुकानात येऊन सांगितलं का, सुई कुठून घाला म्हणून?"

त्या दुपारी मास्तर भिंतीपाशी येऊन उभे राहिले. गळ्यात टेप होताच. दुकान बंद झालं तरी तो उतरला नव्हता. मी या घरात आले तेव्हापासून ते मला सूनबाईच म्हणतात.

"सूनबाई, मी घरात फर्निचर झालोय," ते म्हणाले. "झाडू आला की पाय वर. फडकं आलं की बाजूला. माझं असं काहीतरी पाहिजे बघ, ज्याच्यापाशी मी उभा राहिलो तर कुणी 'सरका' म्हणणार नाही."

ते काहीतरी म्हणजे कोंबड्या, हे पुढच्या चार दिवसांत ठरलं. कसं ठरलं ते मला माहीत नाही. अंडी आणायला मी कोंबड्यावाल्या मावशींकडे निघाले होते तर मास्तर टेप आणि मापांची वही घेऊन बरोबर चालायला लागले, एवढं खरं.

मावशींकडे दोन महिन्यांच्या तलंगा होत्या. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, वयात येऊ घातलेली. मास्तरांनी सहा निवडल्या आणि म्हणाले, "आत्ता नेत नाही. आधी घर बांधतो, मग नेतो. फक्त मापं घेऊ द्या."

"कसली मापं?" मावशी म्हणाल्या.

"छाती, उंची, शेपटी सोडून लांबी."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी टोपलीतल्या अंड्यांकडे बघितलं. मावशींनी मुकाट्याने एक तलंग धरली, मास्तरांनी तिच्या पंखांखालून टेप फिरवला आणि सवयीने म्हणाले, "श्वास रोखू नकोस." ती रोखत नव्हती. ती ओरडत होती. सहाही मापं वहीत एकाखाली एक लिहिली गेली आणि नावंही तिथेच पडली, गणवेशाच्या नंबरांप्रमाणे. सगळ्यात लहान ती वीस नंबर, मग बावीस, चोवीस, असं करत सगळ्यात दांडगी ती तीस नंबर.

परत येताना मास्तर म्हणाले, "आता तुमच्या साहेबांचं माप लागेल."

साहेब म्हणजे आमचा बोका. तो मळ्यात भाजी बघायला आलेल्या मोठ्या अधिकाऱ्यासारखा चालतो, म्हणून आमच्या ह्यांनी ते नाव ठेवलं. मास्तरांचा हिशेब सरळ होता. दार असं बेतायचं की कोंबडी आत जाईल आणि बोका जाणार नाही. मी साहेबांना दुधाच्या वाटीपाशी धरलं, मास्तरांनी छाती मोजली, आणि त्यांचा चेहरा उजळला. साहेबांची छाती तीस नंबरपेक्षा दोन इंचांनी जास्त भरली होती.

"बसलं गणित!" ते म्हणाले. "बरोब्बर मधलं माप घ्यायचं."

काकूंनी परवानगी दिली, पण अट घालून. ती अट मी खिडकीतून शब्दन् शब्द ऐकली.

"एक महिना. आल्या दिवसापासून मोजायचा. महिना भरेल त्या दिवशी अंधार पडायच्या आत सहाच्या सहा आपल्या पायांनी आत गेल्या पाहिजेत. हाकलायचं नाही आणि उचलून कोंबायचं नाही."

"कोंबड्या कोंबायच्या नाहीत तर काय करायचं?"

"हसू नका. तुम्ही दोन दिवस लेकीकडे गेलात की संध्याकाळी यांच्यामागे कोण धावणार? मी. या गुडघ्यांनी. तेव्हा सांगून ठेवते, आपण होऊन आत गेल्या तर राहतील. नाही तर सगळ्या मावशींकडे परत, आणि परसात पुन्हा काही मांडायचं नाही. माझे भाजीचे वाफे आहेत तिथे."

"मंजूर," मास्तर म्हणाले.

खुराडं बांधायला सहा आठवडे लागले. सुतार असता तर दोन दिवसांत ठोकून मोकळा झाला असता, पण मास्तरांची पद्धत वेगळी. आधी त्यांनी वर्तमानपत्राचं कागदी कटिंग केलं. छप्पर, चार भिंती, तळ, सगळं टाचण्यांनी जोडून परसात उभं केलं आणि दोन पावलं मागे जाऊन, मान वाकडी करून बघितलं. वाऱ्याने ते उडून काकूंच्या मेथीत पडलं. पुन्हा जोडलं. मग दुकानातल्या कटिंगच्या टेबलाच्या फळ्या आल्या. त्यांवर खडूने रेघा आखल्या, आणि प्रत्येक रेघेवर करवत चालवण्याआधी दोनदा बोट फिरवलं. जाळी कापायला काकूंनी हसत हसत ती तेल लावलेली कात्री पुढे केली तेव्हा मात्र मास्तर खरोखर चिडले. "कापडाची कात्री आहे ती!" असं म्हणून त्यांनी ती पुन्हा फडक्यात गुंडाळली आणि शेजारच्या गल्लीतून पत्र्याची कात्री मागून आणली.

जुन्या पायमशीनचा लोखंडी सांगाडा घरात पडून होता. खुराडं त्याच्यावर बसवलं, म्हणजे जमिनीची ओल वर येणार नाही. चढायला फळी, आत बसायला गोल घासलेली दांडी, तळाला लाकडाचा भुसा. पुढच्या भिंतीत ते मधल्या मापाचं दार, साडेतीन इंच रुंद आणि साडेचार इंच उंच, कडा इतक्या गुळगुळीत की वाटावं इस्त्री फिरवली आहे. माझ्या नवऱ्याने बघून म्हटलं, "मास्तर, यात मीच राहायला येतो." मास्तर आठ दिवस त्या वाक्यावर खूश होते.

मग ते टोपली घेऊन मावशींकडे गेले आणि आपल्या सहा जणींना घेऊन आले.

मी टोपलीवरचं फडकं निघताना बघितलं आणि माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. सहा आठवड्यांत त्या चांगल्या दीडपट झाल्या होत्या. माना लांब, पाय जाड, छाती पुढे. मास्तरांना मात्र ते दिसलं नसावं. एक तर डोळे अधू, आणि दुसरं म्हणजे त्यांच्या वहीत माप लिहिलेलं होतं.

संध्याकाळी वीस नंबर फळीवरून चढून दारापाशी गेली. डोकं आत घातलं, मान आत गेली, आणि खांद्यांपाशी ती अडकली. जरा धडपडून ती मागे आली, अंग झटकलं आणि खाली उतरली. बाकीच्या पाच जणींनी हे नीट पाहिलं. मग एकेक करत त्या भिंतीवर उडाल्या, आणि भिंतीवरून आमच्या पाण्याच्या टाकीवर. रात्रभर त्या तिथेच बसल्या.

सकाळी खुराड्यात साहेब झोपलेले होते. मऊ भुशात गोल होऊन, एक पंजा नाकावर ठेवून. ज्यांच्यासाठी शिवलं त्यांच्या अंगाला होईना, आणि ज्याला होऊ नये म्हणून एवढी मापं घेतली त्याला अगदी फिट बसलं होतं. मांजर छाती बाहेर ठेवून येतं की काय कोण जाणे.

"नवीन आहे ना," मास्तर म्हणाले. "नवा कपडा अंगाला बसायला चार दिवस जातात."

चार दिवस गेले. मास्तरांनी आत दाणे टाकले. कोंबड्यांनी बाहेर उभं राहून माना लांब करून ते टिपले. मास्तरांनी खुराड्याचं तोंड पूर्वेला फिरवलं. मग दक्षिणेला. एकदा ते चढायच्या फळीवर पोटावर आडवे होऊन दारातून आत हात घालून "बघ, अशी, अशी ये" म्हणून दाखवत होते. तेव्हा चोवीस नंबर त्यांच्या पाठीवर चढून उभी राहिली. रोज संध्याकाळी काकू दारात येऊन विचारायच्या, "किती?" आणि मास्तर म्हणायचे, "अजून एकही नाही."

मला कळत होतं काय चुकलंय ते. पण चाळीस वर्षं टेलर असलेल्या माणसाला भिंतीवरून ओरडून कसं सांगायचं, की मास्तर, तुमचं माप चुकलं? रोज म्हणायची आज सांगू, आणि रोज भिंतीवरच्या वेलाचे दोडके तोडून आत यायची.

बाराव्या दिवशी काकूंचाच धीर सुटला. त्यांनी दाणे टिपणाऱ्या बावीस नंबरला दोन्ही हातांनी उचललं, मास्तरांच्या गळ्यातला टेप ओढून घेतला आणि तिच्या छातीभोवती फिरवला.

"वही आणा."

मास्तरांनी वही आणली.

"बावीस नंबर. छाती किती लिहिलीय?"

"साडेनऊ."

"आता बघा."

मास्तरांनी टेप डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "तेरा," ते हळूच म्हणाले.

"माप घेतलं कधी, आणि दार कापलं कधी, आणि पोरी आल्या कधी?" काकू म्हणाल्या. "वाढत्या अंगाचं माप आहे हे! आणि माया? माया किती ठेवलीत?"

शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला शिंपी लोक माया म्हणतात. पोर वाढलं की शिवण उसवायची आणि माया सोडायची. मास्तरांच्या मायेवर तर सगळ्या आया विसंबून असायच्या. आमच्या थोरल्याची पहिलीतली चड्डी तिसरीपर्यंत चालली होती, दोनदा सोडून.

"लाकडाला कसली माया ठेवायची?" मास्तर म्हणाले.

"चार-चार बोटं माया ठेवणारा माणूस!" काकू म्हणाल्या. "लोकांच्या पोरांना ठेवलीत, आणि स्वतःच्या कोंबड्यांना एक सूत नाही!"

आणि बावीस नंबरला मास्तरांच्या हातात देऊन त्या आत गेल्या. बावीस नंबर खाली उडी मारून वाफ्यातली मेथी खायला गेली. मास्तरांनी तिला हाकललंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. मास्तरांनी ती टोपली परसात आणून ठेवली होती आणि तिची दोरी सोडवत बसले होते.

"हे काय मास्तर? अजून अठरा दिवस आहेत की."

"अठरा काय, ऐंशी असले तरी काय होणार?" ते म्हणाले. "मायाच नाही, सूनबाई. उसवून सोडणार काय? सगळं नव्याने बेतायला पाहिजे, आणि त्याला आता फळ्या नाहीत. ही म्हणते ते खरं आहे. माझ्या हातून एक कपडा कधी परत आला नाही. आता हे परत पाठवायचं."

पलीकडे काकूही कपडेच वाळत घालत होत्या. त्यांच्या तोंडात चिमटा होता. तो त्यांनी काढला.

"काय म्हणालात? माया नाही म्हणून मोठं होत नाही?"

"कापड कमी पडलं की पडलं. वाढवणार कुठून?"

"अहो, ते भोक आहे."

"हो."

"दार म्हणजे भोक. भोक लहान झालंय. कापड नाही कमी पडलेलं. मोठं करायला जोडायचं नसतं काही, कापून टाकायचं असतं."

मास्तर दोरी हातात धरून खुराड्याकडे बघत राहिले. मग उठून गेले, दाराच्या कडेवरून बोट फिरवलं. मग दुसऱ्या कडेवरून. आजूबाजूला भरपूर फळी होती.

"म्हणजे जितकं कापीन तितकं सैल होणार?"

"एवढं तुमच्या गिऱ्हाइकांनासुद्धा कळलं असतं," काकू म्हणाल्या, "आणि ती सगळी शाळेतली होती."

मास्तर हसायला लागले. एवढे हसले की त्यांना टोपली पालथी घालून तिच्यावर बसावं लागलं. सगळा जन्म कापड कमी पडेल या भीतीत गेलेला माणूस तो. कापल्याने एखादी गोष्ट मोठी होते, हे त्यांच्या हातांना ठाऊकच नव्हतं. ते करवत आणायला आत पळाले.

काकू भिंतीपाशी आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या (त्यांच्या हिशेबाने खाली), "मी कशाला बोलले गं? गप्प बसले असते तर आज परस मोकळं झालं असतं माझं."

"मग का बोललात?"

"गळ्यात टेप नव्हता आज," त्या म्हणाल्या. "उघडा दिसत होता माणूस." आणि चिमटा लावून पुढचा कपडा झटकला.

नवं दार तीस नंबरच्या त्या दिवशीच्या मापाहून चारी बाजूंनी चार-चार बोटं मोठं कापलं. एवढ्या दारातून साहेब सहकुटुंब आत गेले असते, म्हणून मास्तरांनी त्याला वरून खाली सरकणारं झाप केलं, शेवटी एक आकडा. कोंबड्या आत गेल्या की झाप खाली, आकडा अडकवायचा, काम झालं.

पण कोंबड्यांना आता टाकीची सवय लागली होती. उंचावर बसायचं, वारा घ्यायचा आणि आमच्या टाकीचं झाकण रंगवून ठेवायचं. आमच्या ह्यांनी रोज सकाळी ते धुतलं आणि एका शब्दाने तक्रार केली नाही, याची नोंद कुठेतरी व्हायला हवी. मास्तरांनी संध्याकाळचे दाणे फक्त खुराड्यातच टाकायला सुरुवात केली. विसाव्या दिवशी वीस आणि बावीस आत झोपल्या. चोविसाव्या दिवशी चार झाल्या. अठ्ठाविसाव्या दिवशी पाच. तीस नंबर मात्र दाणे खाऊन, दारात येऊन, इकडेतिकडे बघून पुन्हा टाकीवर जायची.

तिसाव्या दिवशी संध्याकाळी मी साहेबांना न्हाणीघरात कोंडलं आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. मास्तर परसात स्टुलावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरलेले, न जाणो उठले तर. काकू दाराच्या पायरीवर. वीस आत गेली. बावीस गेली. चोवीस आणि सव्वीस भांडत भांडत एकदमच गेल्या. अठ्ठावीस गेली. तीस नंबरने चोच घासली, एकदा फळीवर पाय ठेवला, आणि भर्रकन उडून भिंतीवर, माझ्या कोपराशेजारी येऊन बसली. मी हात लावला असता तर ती पलीकडे उतरली असती. पण हाकलायचं नाही असं ठरलं होतं. मी हात मागे घेतला.

प्रकाश कमी होत गेला. तीस नंबर टाकीवर गेली आणि पिसं फुलवून बसली.

"किती?" काकूंनी विचारलं.

मास्तरांना सहा म्हणता आलं असतं. तेवढ्या अंधारात पायरीवरून टाकी दिसत नाही. "पाच," ते म्हणाले. आणि स्टुलावरून उठून, "ठरलं ते ठरलं. उद्या सकाळी नेतो मावशींकडे. टोपली कुठे ठेवलीस?"

काकू उठल्या नाहीत. "दुकानात गिऱ्हाईक ठरल्या दिवशी यायचं, आणि एक बटण राहिलेलं असायचं," त्या म्हणाल्या, "तेव्हा काय सांगायचात तुम्ही?"

मास्तर स्टूल उचलून बाजूला ठेवायला लागले.

"सांगा की. अख्ख्या भागाला पाठ आहे."

"परवा या," मास्तर म्हणाले.

"चाळीस वर्षं सगळ्यांना सांगितलंत. मी आज पहिल्यांदा सांगतेय." काकू गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "परवा या."

आणि आत गेल्या. मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि टाकीकडे बघून म्हणाले, "ऐकलंस ना? परवा."

मला सांगायला आवडलं असतं की तिने ऐकलं. परवा ती काही आली नाही. काकूंनी दारात येऊन विचारलं, मास्तरांनी पाच म्हणून सांगितलं, आणि काकू "बरं, परवा," म्हणून आत गेल्या. असे चार परवा गेले. पाचव्या परवाला वारा सुटला होता आणि टाकीवरच्या जागेत काही राम उरला नव्हता. तीस नंबर फळी चढली, दारात उभी राहिली, आतल्या पाच जणींनी तिला जागा करून दिली नाही, तरी ती घुसली. आत बराच वेळ कुरकुर चालली. मग शांत झालं.

मास्तर पुढे सरसावले तोवर काकू पायरीवरून खाली आलेल्या होत्या. गुडघे दुखतात त्या मानाने फारच चटकन. त्यांनी झाप खाली सरकवलं आणि आकडा अडकवला.

"कुणी हाकललं नाही हं," मास्तर म्हणाले.

"बघत होते मी," काकू म्हणाल्या. "उद्यापासून झाप मीच लावीन. तुम्ही आकडा उलटा घालता."